कॅम्परमध्ये डास शिरू नयेत म्हणून: खान्देशात मुक्काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही जळगावचे. टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतला आणि तेव्हापासून सुट्टी मिळाली की घरचे चौघं नदीकाठी नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याला मुक्कामाला असतो. गाडी पाहून लोक खूप काही विचारतात, पण फिरून फिरून येतो तो डासांचा प्रश्न. बहुतेकांना औषधाचं नाव हवं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: औषध नंतर, आधी गाडीची भोकं शोधा. आलेले प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. एकच गोष्ट दोनदा लिहावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, खान्देश तर उन्हाचा मुलूख. इथे डासांची एवढी काळजी कशाला?

उन्हाचा आहे हे खरंच. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पण आपण गाडी घेऊन भर माळावर थोडेच थांबतो? थांबतो ते चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, गिरणेच्या नाहीतर पांझरेच्या काठी, तोरणमाळला यशवंत तलावाशेजारी. रावेर-यावलकडे नातेवाइकांच्या मळ्यात उतरलो तर चारी बाजूंनी केळी. केळीच्या बागेत सावली, ओल आणि दमट हवा बारा महिने टिकते. पानाच्या बेचक्यात साचलेलं चमचाभर पाणीही काही जातींच्या डासांना अंडी घालायला पुरतं.

दुसरी गोष्ट जागेची. घरात दोन डास शिरले तर ते कुठेतरी पडद्यामागे बसून राहतात. कॅम्परमध्ये दहा-बारा फुटांत चार माणसं झोपलेली असतात, त्यामुळे एक डाससुद्धा रात्रभर चौघांनाही चावतो.

२. डास दिवसा चावतात की रात्री? काळजी नेमकी कधी घ्यायची?

हे जातीवर अवलंबून आहे. चावते फक्त मादी, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं म्हणून. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरतो. गटाराच्या, घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स रात्रीचा, आणि हत्तीरोग त्याच्यामुळे पसरतो. डेंग्यू-चिकुनगुन्यावाला एडिस मात्र दिवसाचा. त्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि सूर्योदयानंतरचे दोन तास व सूर्यास्ताआधीचे दोन तास त्याचा जोर असतो.

म्हणजे दुपारी साडेचारला चहा टाकून गाडीचा दरवाजा सताड उघडा ठेवला, "अजून डासांची वेळ झाली नाही" म्हणून, तर चूक तिथेच होते. आमच्याकडे चार वाजता जाळ्या लागतात. घड्याळ पाहून.

३. वर्षातला कोणता काळ जास्त वाईट?

जुलै ते नोव्हेंबर. पाऊस थांबून आठ-दहा दिवस ऊन पडलं की डबक्यांत अंड्यापासून डास तयार झालेला असतो, त्यामुळे सततच्या पावसापेक्षा उघडीप जास्त त्रासाची. होळीच्या सुमाराला क्युलेक्स पुन्हा वाढतो. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा कित्येक रात्री १० अंशांखाली उतरतो, तेव्हा डास जवळपास गप्प असतात. सारंगखेड्याच्या यात्रेला म्हणजे दत्तजयंतीच्या सुमाराला आम्ही गेलो तेव्हा कोलाहल आणि धूळ पुष्कळ होती, डास नव्हते. मे महिन्याच्या कोरड्या उन्हातही ते कमी होतात, पण कूलरच्या टाकीत टिकून राहतात (प्रश्न १० पाहा).

४. गाडी कुठे उभी करावी?

पाण्यापासून दूर, वाऱ्याच्या तोंडावर, उंचवट्यावर. हतनूरला सगळ्यांना अगदी पाण्याच्या काठाशी थांबायचं असतं, सकाळी दारातून पक्षी दिसावेत म्हणून. मी गाडी दीड-दोनशे मीटर मागे, चढावर लावतो आणि पहाटे दुर्बीण घेऊन चालत जातो. एडिस जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही, शे-दोनशे मीटरांत फिरतो. ॲनोफिलीस दोन-तीन किलोमीटरसुद्धा जातो. म्हणजे अंतर वाढवल्याने डास संपत नाहीत, पण कमी नक्की होतात.

वारा मोठा आधार आहे. डास उडतो ताशी दीड-दोन किलोमीटरने, माणसाच्या रमतगमत चालण्याहून हळू. झुळूक अंगावर येत असेल तिथे त्याला नीट बसताही येत नाही. म्हणून झाडीच्या कुशीत, नाल्याच्या खोलगट भागात, गोठ्याशेजारी, उकिरड्याजवळ किंवा केळीच्या बागेला चिकटून गाडी लावू नका. मळ्यात उतरायचंच असेल तर खळ्याची मोकळी जागा मागा.

एक आवर्जून सांगतो. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री गाडी उभी करायची नाही आणि जाळ तर कुठल्याच कारणाने करायचा नाही, डासांसाठीही नाही.

५. जाळी कोणती लावायची? दुकानात पाच प्रकार दाखवतात.

फायबरची, एका इंचात १८ × १६ घरं असलेली. भोक साधारण १.२ मिलिमीटरचं पडतं, त्यातून डास जात नाही आणि हवाही खेळते. नायलॉनची स्वस्त जाळी दोन उन्हाळ्यांत कडक होऊन फाटते. स्टीलची टिकाऊ असते, पण सरकत्या खिडकीला बसवायला अवघड जाते.

जाळीपेक्षा कड महत्त्वाची. वेल्क्रोची पट्टी काचेच्या रबरावर नाही, पत्र्यावर चिकटवा. आधी पत्रा थिनरने पुसून कोरडा करा, नाहीतर एप्रिलच्या उन्हात डिंक सुटतो आणि पट्टी लोंबायला लागते. कोपऱ्यात वेल्क्रो कापून जोडू नका, वळवून न्या. डास शिरतो तो कोपऱ्यातूनच.

६. सगळ्या खिडक्यांना जाळी लावली, तरी रात्री डास येतात. कुठून येतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि मला तो मनापासून आवडतो, कारण याला खात्रीचं उत्तर आहे.

आमच्या पहिल्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, आम्ही हतनूरला होतो. जाळ्या नव्या, दरवाजा बंद, तरी रात्रभर कानाशी गुणगुण. सकाळी मागच्या पडद्याच्या चुण्यांत अकरा डास मोजले, सगळ्यांची पोटं रक्ताने टम्म. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर मी आतले सगळे दिवे लावले, पडदे ओढून घेतले आणि बाहेर येऊन गाडीभोवती फिरलो. वर, बाजूला काही दिसलं नाही. मग गुडघे टेकून गाडीखाली पाहिलं, तर वाळूवर रुपयाएवढा उजेडाचा ठिपका पडलेला. गिअरच्या दांड्याचं रबरी बूट एका बाजूने फाटलेलं होतं. डास इंजिनाच्या उबेला येऊन बसत होते आणि तिथून वर केबिनमध्ये. बूट बदललं आणि त्या रात्री सगळे शांत झोपलो.

हीच परीक्षा तुम्ही करा. आत उजेड, बाहेर अंधार, आणि डोळे गाडीखालीसुद्धा. जिथून उजेड बाहेर येतो तिथून डास आत येतो. नेहमी सापडणाऱ्या जागा या:

गिअर, हँडब्रेक आणि पेडलांभोवतीची रबरं. वायरी खाली नेण्यासाठी बॉडीवाल्याने पाडलेली भोकं, ती बहुधा वायरीच्या दुप्पट मोठी असतात. सरकत्या दरवाजाचा खालचा खाच, जिथे बीडिंग (दाराच्या कडेची रबरी पट्टी) दबून चपटं झालेलं असतं. फ्रिजच्या मागची जाळी. मागच्या दरवाजाच्या दोन पाखांमधली उभी फट. आणि डॅशबोर्डच्या एसीचे झरोके: गाडी बंद करताना बाहेरची हवा घेण्याचं बटण चालू राहिलं तर तोही रस्ताच. रात्री ते आतली हवा फिरवण्यावर ठेवा.

छोटी भोकं सिलिकॉनने, मोठी स्पंजाच्या पट्टीने किंवा स्टीलच्या घासणीचा बोळा कोंबून बंद करा. घासणीचा फायदा असा की उंदीरही येत नाही. गरम होणाऱ्या भागांजवळ, सायलेन्सरच्या बाजूला स्पंज वापरू नका. आणि एक झरोका असा आहे जो कधीच बंद करायचा नसतो, तो प्रश्न ८ मध्ये.

७. मुलं सारखी आत-बाहेर करतात. दरवाजाचं काय करायचं?

गाडीतलं सर्वांत मोठं भोक म्हणजे दरवाजा, आणि याला वस्तूपेक्षा शिस्त जास्त लागते. चुंबकाचा दुभंगणारा पडदा मिळतो, तो लावा. माणूस गेला की मागे आपोआप मिटतो. पण खालची कड जमिनीवर दोन बोटं लोळली पाहिजे आणि तिथे वजन हवं. आम्ही शिवणीत बारीक साखळी घातली आहे. वाऱ्याने पडदा उडाला तर चुंबकाचा काही उपयोग नाही.

शिस्तीचं असं की आत दिवा लागलेला असताना दरवाजा उघडायचा नाही. आधी दिवा बंद, मग दार, मग दार लावून दिवा. मुलांना हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. पायरीचा दिवा पिवळा ठेवा. पांढऱ्या-निळसर उजेडाला किडे जास्त येतात. डास उजेडापेक्षा माणसाच्या श्वासाला आणि वासाला जास्त येतात, पण दारातला उजेड आपल्याला दारात थांबवतो आणि आपण थांबलो की ते येतात.

संध्याकाळी चार ते आठ या वेळात लागणारं सगळं, म्हणजे पाण्याची बाटली, टॉर्च, स्वेटर, ताटं, आधीच बाहेर काढून ठेवा. दहा फेऱ्यांच्या दोन होतात.

८. गॅसच्या शेगडीखाली फरशीला भोक आहे. तेही बुजवू का?

नाही. कधीच नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो आणि त्या भोकातूनच बाहेर जातो. ते बंद केलं तर गॅस गाडीतच राहील आणि एका ठिणगीने अनर्थ होईल. वरचा झरोकाही तसाच, जळताना लागणारी हवा तिथून येते-जाते.

यावर उपाय जाळीचाच, पण स्टीलची, बाहेरून स्क्रूने बसवलेली. दर महिन्याला ती घासून स्वच्छ करा. धूळ आणि तेलकट थर बसला की जाळी असूनही झरोका बंद पडल्यासारखाच.

९. छताचा एक्झॉस्ट फॅन लावला की डास जास्त वाटतात. हा भास आहे का?

भास नाही. फॅन आतली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते, आणि ती येते दरवाजाच्या फटीतून, गिअरच्या बुटातून, सिंकच्या पाइपातून. त्या हवेबरोबर डासही ओढले जातात. शिवाय आपल्या श्वासाची हवा छतातून बाहेर पडून आजूबाजूच्या डासांना पत्ता देते. ही हवा वाऱ्याबरोबर पसरली तर चाळीस-पन्नास मीटरवरच्या डासालाही कळते.

एक अगरबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरा. धूर आत वळला तर गाडी हवा ओढते आहे. बाहेर गेला तर ढकलते आहे. रात्री आपल्याला ढकलणारी गाडी हवी. म्हणून ज्यांच्या फॅनची दिशा उलटवता येते त्यांनी झोपताना तो आत हवा घेण्यावर ठेवावा, वर जाळी पक्की असेल तरच, आणि एक जाळीची खिडकी उघडी. मग प्रत्येक फटीतून हवा बाहेर वाहते आणि डासाला वाऱ्याविरुद्ध यावं लागतं. फॅन उलटत नसेल तर एक मोठी जाळीची खिडकी पूर्ण उघडी ठेवा, म्हणजे हवा फटींऐवजी तिथून येईल. स्वयंपाक करताना मात्र एक्झॉस्ट नेहमीसारखाच हवा.

१०. आम्ही खिडकीत छोटा कूलर बसवला आहे. कूलरमुळे डास होतात म्हणतात, खरं का?

खान्देशात मे महिन्यात कूलरशिवाय गाडीत झोपणं कठीण, म्हणून तो काढा असं मी सांगणार नाही. कूलर चालू असताना उलट मदतच करतो. तो बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणजे प्रश्न ९ मधली ढकलणारी गाडी आपोआप होते. समोरच्या बाजूची जाळीची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमटपणा वाढून गारवाही येत नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, मध्यरात्री बॅटरी उतरली किंवा गारवा पुरे झाला म्हणून कूलर बंद केला की त्याचं तोंड म्हणजे उघडी खिडकी. वाळ्याच्या ताट्यांमधल्या फटीतून डास सहज येतो. तोंडावर वेल्क्रोची झडप करून घ्या, आणि बंद करणाऱ्यानेच ती लावायची हा घरातला नियम.

दुसरी टाकी. आठवड्यातून एकदा ती पूर्ण रिकामी करून कोरडी करायची. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर टाकीला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. काथ्याने घासूनच ती निघतात. गणपतीनंतर कूलर काढून ठेवताना हे नक्की करा, नाहीतर पुढच्या वर्षीची सुरुवात अळ्यांनी.

११. इंजिन चालू ठेवून गाडीचाच एसी लावून झोपलो तर काचा बंद राहतील, डासही नाहीत. चालेल का?

नाही. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपण्याने माणसं दगावली आहेत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना त्याला वास येतो. डासाच्या भीतीने हा धोका पत्करू नका. बाहेरच्या विजेवर चालणारा वेगळा एसी असेल तर प्रश्नच नाही, तो खरोखर उत्तम.

१२. आत कॉइल लावली तर?

लावू नका. एका कॉइलच्या बारीक धुराची मोजणी झाली आहे. ती ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढी भरली, आणि ती साध्या खोलीतली गोष्ट. कॅम्पर त्याच्या पाव. त्यात गाद्या, पडदे, प्लायवूड. झोपेत कॉइल लवंडली तर पुढचं सांगायला नको. बाहेर खुर्च्यांजवळ, वारा येतो त्या बाजूला, जरूर लावा.

१३. मग लिक्विडचं मशीन? बॅटरी किती खातं?

लिक्विडचं मशीन पाच-सात वॅट घेतं, इन्व्हर्टरवर रात्रभर चाललं तरी बॅटरीला जड नाही. इन्व्हर्टर स्वतःच त्याहून जास्त खातो. पण पूर्ण बंद गाडीत आठ तास ते चालवू नका. झोपण्याआधी तासभर, मग बंद, आणि एक जाळीची खिडकी उघडी. दम्याचा पेशंट किंवा तान्हं बाळ असेल तर तेही नको.

मी पैसे खर्च करायचे तर १२ व्होल्टच्या छोट्या पंख्यावर करीन. एक अँपियरचा पंखा आठ तासांत आठ अँपियर-अवर घेतो, १०० अँपियर-अवरच्या बॅटरीतले आठ टक्के. पलंगावर वारा आडवा वाहता ठेवा. डासाला बसता येत नाही आणि श्वासाचा माग विरून जातो. औषध नाही, वास नाही.

१४. अंगाला काय लावावं? बाळ सात महिन्यांचं आहे.

बाजारातल्या क्रीममध्ये तीन-चार घटक खरे काम करतात. ओडोमॉसमध्ये एन,एन-डायइथाइल बेन्झामाइड १२ टक्के असतं, ते खेडोपाडी मिळतं. डीट २० ते ३० टक्क्यांचं जास्त तास टिकतं. पिकारिडिनला वास कमी. निलगिरी-लिंबाच्या अर्काचं तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये.

सात महिन्यांच्या बाळाला आपण आपल्या हातावर घेऊन उघड्या जागी पातळ लावायचं. बाळाच्या तळहातांना, डोळ्या-तोंडाजवळ नाही, कारण हात तोंडात जातात. दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीच नाही, फक्त मच्छरदाणी. कॅम्परच्या पलंगावर छत्रीसारखी उघडणारी बाळांची मच्छरदाणी नीट बसते. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, डासांचं नंतर. डीट लागलेल्या हाताने गॉगल, रेक्झिन, घड्याळाची काच धरू नका, प्लास्टिक चिकट होऊन खराब होतं.

अंगभर, सैल, फिक्या रंगाचे कपडे. गडद रंगाकडे डास ओढले जातात.

१५. मळ्यात भरताचा बेत असतो, रात्री दहापर्यंत सगळे बाहेरच. तेव्हा काय?

भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजलं जातं तोवर धूर असतो आणि डास लांब राहतात. खरा त्रास नंतर, जाळ विझल्यावर गप्पा रंगतात तेव्हा. आमच्या आत्याकडे कडुलिंबाचा ओला-सुका पाला शेणीवर टाकून धुरी करतात. ती उपयोगी पडते, पण धूर अंगावरून वाहत असेल तेवढंच. वारा फिरला की बिनकामाची, आणि लहान मुलांच्या डोळ्यांना झोंबते. मोकळ्या जागेत, पाण्याची बादली शेजारी ठेवून, आणि गाडीपासून दहा पावलं लांब करा.

पाय झाका. खुर्चीवर बसल्यावर डास घोट्यांना चावतात हे अनुभवाने कळतं. मोजे आणि बाजेखाली ठेवलेला एक पंखा, एवढ्याने अर्धा त्रास कमी होतो.

१६. निळ्या दिव्याचं मशीन, अल्ट्रासॉनिक यंत्र, मोबाइलचं ॲप?

निळ्या दिव्यात मरणारे बहुतेक किडे डास नसतात. अल्ट्रासॉनिक आणि ॲपचा उपयोग होत नाही. पैसे जाळीला द्या.

१७. जाळीतून बारीक किडे येतात आणि चावतात. हे डासच का?

नाही. भुरक्या रंगाची, डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, न गुणगुणता उड्या मारत फिरणारी असेल तर ती वाळूमाशी. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठे, शेणाजवळची ओली माती ही तिची जागा. प्रश्न ५ मधल्या जाळीतून ती आरपार जाते. तिच्यासाठी सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाची जाळी लागते आणि त्यातून हवा फार कमी येते. म्हणून सगळ्या खिडक्यांना ती लावण्यापेक्षा जागा बदला. जुन्या मातीच्या घराच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला थांबला असाल तर शंभर पावलं मोकळ्यावर जा. ती उडण्यात डासाहून कमजोर, पंख्यापुढे टिकत नाही.

१८. रात्री दोन वाजता कानाशी गुणगुण सुरू झाली. आता काय करू?

सगळ्यांना उठवू नका. पंखा लावा, पाच मिनिटं थांबा. मग एकच टॉर्च घेऊन छताच्या कोपऱ्यांत, पडद्याच्या आतल्या बाजूला, सीटखाली, काळ्या कपड्यांवर पाहा. रक्त प्यायलेली मादी जड होऊन जवळच बसते.

रॅकेट वापरताना सावध. तिची ठिणगी खरी ठिणगी असते. गॅसचा जरासाही वास असेल किंवा नुकताच स्प्रे मारला असेल तर रॅकेटला हात लावू नका. स्प्रे मारायचा तर माणसं आणि खाणं बाहेर, शेगडी बंद, पंधरा-वीस मिनिटं गाडी बंद, मग जाळीच्या खिडक्या उघडून हवा खेळवायची, तेव्हाच आत यायचं. म्हणजे हे काम संध्याकाळचं, रात्री दोनचं नाही. स्प्रेचा डबा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, फुटतो.

१९. गाडी महिनाभर घरी उभी होती. उघडली तर आतूनच डास निघाले. कसे?

सांडपाण्याच्या टाकीतून. सिंकचं पाणी उरलेलं, वर साबण-खरकटं, खाली अंधार, क्युलेक्सला यापेक्षा चांगली जागा नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि तो पाइपातून थेट सिंकमध्ये येतो. प्रवास संपला की टाकी पूर्ण सोडा, झाकण उघडं ठेवून वाळवा आणि सिंकच्या तोंडाला बूच लावा. मुक्कामातही रात्री बूच लावायचं. बाहेरच्या पाइपाच्या तोंडाला जाळीचा तुकडा रबराने बांधा.

यासोबत स्टेपनीच्या कव्हरमध्ये, ताडपत्रीच्या खोळीत साचलेलं पावसाचं पाणीही पाहा. गाडीशेजारी रांजण किंवा हौद असेल तर तो आठवड्याला कोरडा करण्याचा दिवस ठरवून घ्या.

२०. कुत्रा सोबत असतो. मांजरही. औषधांचं काय?

परमेथ्रिन हे कीटकनाशक मारलेले कपडे किंवा मच्छरदाणी कुत्र्याला सहसा बाधत नाही, पण ओलं परमेथ्रिन मांजराला विषासारखं आहे. मांजर असेल तर ते वापरूच नका. पाण्यातल्या माशांनाही ते घातक, म्हणून असे कपडे किंवा मच्छरदाणी नदीत, तळ्यात धुऊ नका. माणसाचं डीट जनावराला लावायचं नाही. आणि कुत्र्याला रात्री बाहेर नेताना दरवाजाची शिस्त तीच, प्रश्न ७ ची.

२१. फिरून आल्यावर ताप आला तर किती दिवस थांबून पाहावं?

थांबू नका. डेंग्यूचा ताप चावल्यापासून ४ ते १० दिवसांत येतो. मलेरिया साधारण एक ते तीन आठवड्यांत, आणि त्याचा एक प्रकार महिन्यांनंतरही उठतो. म्हणून डॉक्टरांना "कुठे कुठे मुक्काम केला होता आणि कधी" हे आपणहून सांगा. सातपुड्यात, नवापूर-धडगावकडे किंवा पालच्या बाजूला राहून आला असाल तर ते आधी सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाची रक्ततपासणी फुकट होते.

तपासणी होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, ब्रुफेन नाही, डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोट खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडणं यांतलं काही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, कारण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. मलेरियाच्या गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स लिहून दिला असेल तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. आणि आजारी माणसाला त्या दिवसांत दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डास घरातल्या पुढच्या माणसाला आजार देतो.